अपराधभावना, एकपात्री नाटक आणि मांढरदेव

मांढरदेवच्या दुर्घटनेवर मी एक एकपात्री नाटक लिहिले. एक बाई, एक घोंगडी, एक नारळ आणि पन्नास मिनिटे, एवढाच त्याचा पसारा. ते मला तीनदा लिहावे लागले. पहिल्या दोन खेपांनाही ते लोकांपुढे झाले, टाळ्या पडल्या, आणि तरीही ते चुकलेले होते. ते का चुकले हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आज आपल्या वस्त्यांतून पुष्कळ मुलेमुली एकपात्री करतात. सावित्रीबाई होतात, रमाई होतात. नट एक, नेपथ्य नाही, विहाराची ओसरी किंवा शाळेचा व्हरांडा मिळाला की प्रयोग होतो. म्हणून हा प्रकार आपल्या खिशाला परवडतो. परवडतो म्हणून तो सोपा आहे, असा मात्र समज झाला आहे. थोर माणसाचे चरित्र एकट्याने सांगणे निराळे, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत दुसरे माणूस मेले त्याचे मन एकट्याने सांगणे निराळे. ह्या दुसऱ्या कामात एक धोका आहे. तो ओळखायला मला दोन खेपा लागल्या.

आधी घटना सांगतो. बाहेरच्या माणसाला वाई म्हणजे कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री आणि विश्वकोश. तीही वाई खरीच आहे. पण पौष पौर्णिमेला जी माणसे ट्रक-टेम्पो भरून ह्या गावातून वर डोंगराकडे जातात, त्यांची वाई वेगळी. वाईपासून वीसेक किलोमीटरवर, वाई आणि भोर यांच्यामधल्या डोंगरावर मांढरदेव आहे. तिथे काळुबाईचे ठाणे. तिच्या वाटेने कोण चालते, हे वाईत राहणाऱ्याला विचारावे लागत नाही. महार, मांग, रामोशी, धनगर, कुणबी. मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांतल्या बाया. २५ जानेवारी २००५, मंगळवार, यात्रेचा दिवस. देवळाकडे जाणारी अरुंद वाट, दोन्ही अंगांना दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडे झालेले दगड, वरून उतरणारी माणसे आणि खालून चढणारी माणसे. कुणी घसरले, त्याच्यावर दुसरे पडले, आणि मग माणसांचा ढीग झाला. पाठोपाठ दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसे गेली. त्यांत बाया आणि मुले पुष्कळ. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. देवीपुढे पशू मारण्यावर पुढे बंधने आली.

त्या वाटेवर माझी मावशी होती. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर घरातला देव्हारा कृष्णेत सोडला, आणि आमच्या घरात पुन्हा देव आला नाही. मावशी दिली ती खालच्या अंगाच्या एका खेड्यात. तेही घर बौद्धच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि आतल्या खोलीत कणगीमागे काळुबाईचा टाक. हे आपल्याकडे किती घरांत आहे याची चर्चा आपण करत नाही. मीही तेव्हा करत नव्हतो. यात्रेच्या आदल्या दिवशी मावशी वाईला माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मास्तर, गर्दी लई असती. संगती चला. देवळात नका येऊ, भाईर उभं ऱ्हावा." मी तिला बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. हसूनच ऐकवल्या, पण ऐकवल्या. मग ती आपल्या धाकट्या जावेला घेऊन गेली. धाकटीला यायचे नव्हते. नवस मावशीचा, मुलाच्या दुखण्याचा. धाकटी नुसती सोबतीला. रात्री मावशी अनवाणी खाली आली. धाकटी आली नाही. त्यानंतर कित्येक महिने मावशी एकच वाक्य बोलत होती : "म्या हात सोडला."

हे वाक्य माझ्याजवळ बारा-तेरा वर्षे पडून होते. २०१८ साली मी ते कागदावर घेतले.

पहिल्या खेपेचे नाटक असे होते. बाई यात्रेला जाते, जाऊ मरते, बाई वेड्यासारखी होते, आणि शेवटी तिला उमगते की तिचा खरा अपराध हात सोडणे हा नव्हताच. बाबासाहेबांनी दाखवलेली वाट सोडून डोंगराची वाट धरली हा तो अपराध. ती हातातला नारळ आपटते आणि म्हणते, हा शेवटचा. अंधार. टाळ्या. तालमीत आमची मुलगी खरोखर नारळ फोडत असे. एकदा पाणी शहाबादी फरशीवर सांडले आणि त्याच पाण्यावरून तिचा पाय सरकला. ती पडली, आम्ही सगळे हसलो, आणि एकदम कुणीच हसेना. फरशी पुसली. तेव्हाच मला काही कळायला हवे होते. कळले नाही.

प्रयोगानंतर चहा चालला होता. मुंबईत निम्मे आयुष्य काढून गावी परत आलेली एक बाई पुढे आली. तिने विचारले, "पुलावर मेले त्यांचा कुठला नवस होता?" २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगरून तेवीस माणसे मेली होती, ती ही गोष्ट. दसऱ्याचा आदला दिवस, पाऊस, पूल अरुंद. ती माणसे कामाला निघाली होती. त्यांतली कुणी देवऋष्याकडे जात नव्हती. बाईच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण तिने माझ्या नाटकाचा पायाच काढून घेतला होता. निसरडी, अरुंद, दोन्हीकडून भरलेली वाट माणसे मारते. वर देऊळ आहे की फलाट, हे त्या वाटेला ठाऊक नसते. २००५ साली 'अंधश्रद्धेचे बळी' हे शब्द जिकडेतिकडे ऐकू येत होते. मी माझ्या मावशीला तेच शब्द तिच्याच तोंडून म्हणायला लावले होते. पांढरपेशा वर्तमानपत्री शहाणपण, फक्त आमच्या बोलीत.

येथे गैरसमज नको. अंधश्रद्धेविरुद्धची लढाई मला मान्य आहे. नरेंद्र दाभोलकर आमच्याच जिल्ह्यातले, साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची गरज होती. पण देवऋषी लुबाडतो हा एक अपराध, आणि लाखांनी लोक येणार हे माहीत असताना वाट मोकळी न ठेवणे हा दुसरा. पहिल्याची आरोळी ठोकून दुसरा झाकता येतो. माझ्या नाटकाने तो झाकला होता.

आता अपराधभावनेविषयी. ही वस्तू नीट समजून घेतल्याशिवाय तिच्यावर नाटक लिहू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्या माणसांवर उपचार करताना विल्यम नीडरलँड ह्या मानसोपचारतज्ज्ञाला एक विचित्र गोष्ट दिसली. ज्यांनी कुणाचे काही वाकडे केले नव्हते ती माणसे स्वतःला गुन्हेगार समजत होती. आई मेली, भाऊ मेला, मी का उरलो? हिरोशिमात वाचलेल्यांशी बोलून रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६८ साली पुस्तक लिहिले, त्यातही हेच. आपल्या जगण्याची किंमत दुसऱ्याने मरून दिली, असे वाचलेल्याला वाटत राहते. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या ह्या विकाराला आपल्या निदानाच्या पुस्तकात स्वतंत्र नाव दिले : तीच ती घटना पुन्हा पुन्हा दिसणे, झोप न लागणे, आवाजाने दचकणे, त्या जागेची आठवण देणारी वस्तू टाळणे. मावशीच्या घरी २००५ पासून नारळ फोडलेला नाही. खोबऱ्याची सुकी वाटी आणतात.

मन असे का करते? मला जे समजले ते असे. आपण असहाय होतो, आपल्या हातात काहीच नव्हते, हे मान्य करणे मनाला फार जड जाते. त्यापेक्षा 'मी चुकले' हे सोपे. चुकले म्हणजे चुकायचे टाळता आले असते. म्हणजे जग अजून आपल्या हातातले आहे. अपराधभावना ही अशी वेदनेची लाच देऊन विकत घेतलेली सत्ता असते. जन्मभर ज्यांच्या हातात काही दिले गेले नाही, त्या माणसांना तर ती फारच ओळखीची. शाळेत मार खाल्ला तर आपलेच काही चुकले असेल, पाणवठ्यावर हाकलले तर गेल्या जन्मीचे काही असेल. कर्मविपाकाच्या सिद्धांताने ह्या देशात जी कामगिरी बजावली ती हीच. मार खाणाऱ्यालाच त्याने माराचा कर्ता ठरवले.

आणि हात? मावशीने हात सोडला का? गर्दीचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. एका चौरस मीटरच्या जागेत सातच्या आसपास माणसे दाटली की माणसाची हालचाल त्याच्या स्वतःच्या हातात उरत नाही. गर्दी पाण्यासारखी वागते. तिच्यात लाटा उठतात, लाटेबरोबर माणूस दोन-तीन मीटर वाहून जातो, पाय जमिनीला टेकत नाहीत. मागच्या माणसाला पुढे काय झाले ते दिसत नाही, म्हणून तो रेटतच राहतो. अशा दाबाने लोखंडी कठडे वाकलेले आहेत. माणसे बहुतेक वेळा तुडवून मरत नाहीत. छाती फुगवायला जागा न उरल्याने, श्वास घेता न आल्याने मरतात, कधी कधी उभ्या उभ्या. कठडा वाकवणाऱ्या रेट्यापुढे दोन बायांची बोटे किती वेळ टिकणार? तिथे हात सुटतो. तो सोडावा लागत नाही.

हे वाचून मी दुसरी खेप लिहिली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट झाली. आता बाई विद्वानासारखी बोलू लागली. वाट किती अरुंद, गर्दी किती, दुकाने कुणी मांडू दिली, उतरणाऱ्यांसाठी वेगळी वाट का नव्हती, सगळे तिच्या तोंडी. शेवटी ती म्हणते, मी निर्दोष आहे. लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या, आणि हलक्या मनाने घरी गेले. घरी जाऊन मी मावशीला तीच माहिती सांगून पाहिली. चौरस मीटर, सात माणसे, लाटा. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आसंल बाबा. पर हात माजाच व्हता न्हवं?"

म्हणजे पहिल्या खेपेत मी तिला दोषी ठरवले, दुसरीत निर्दोष सोडले. दोन्ही वेळा न्यायाधीश मी. तिने निवाडा मागितलाच नव्हता.

इथे मला एकपात्री ह्या प्रकाराकडेच नव्याने पाहावे लागले. मराठीत एकपात्री म्हटले की आधी हसू आठवते. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासावर पात्रे एकट्याने वठवली. ही नकलेची, हजरजबाबीपणाची परंपरा. १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' आणले, आणि एकटी बाई रंगमंचावरून इतिहास बोलू शकते हे गावोगावच्या लोकांनी पाहिले. पण ह्या सगळ्यांच्या आधीपासून आपल्या वाड्यावस्त्यांत एक एकपात्री चालत आलेले आहे, आणि त्याचे नाव कुठल्याही नाट्यइतिहासात एकपात्री म्हणून येत नाही. पोतराज.

पोतराज आठवून पाहा. उघडे अंग, कमरेला चिंध्यांचा घेर, पायांत घुंगरू, वाढलेले केस, हातात कोरडा. बाई देवीची पेटी डोक्यावर घेऊन वाजवत उभी. गावात पटकी आली, देवी आल्या, की मरीआई कोपली. आणि गावाच्या वतीने तिच्यापुढे स्वतःच्या अंगावर कोरडे ओढून घेणारा माणूस महारा-मांगाचा. आवाज होतो, वळ उठतो, ओसरीवरचे लोक सुपात दाणे टाकतात आणि दार लावून घेतात. रोगाचे कारण कुणाच्या विहिरीत आहे, कुणाच्या गटारात आहे, हे विचारायचे कारणच उरत नाही. गावाचा दोष एका अंगावर फेडला गेला. आपल्या चळवळीने ही प्रथा सोडायला लावली ती काही उगीच नव्हे.

आता माझे पहिले नाटक पाहा. मोकळा रंगमंच, एकटी बाई, ती स्वतःला शब्दांनी फोडून काढते, लोक हळहळतात, टाळ्या देतात, घरी जातात. कोरडा तेवढा दिसत नव्हता. अपराधभावनेवरच्या एकपात्रीत धोका आहे तो हाच. रंगमंचावर एकच शरीर असल्याने सगळा दोष त्या एका शरीरात जमा होतो. नाटकात दुसरी पात्रे असली तर दोष वाटला तरी जातो. इथे वाटायला कुणी नसते. कबुलीजबाब हा एकपात्रीला सगळ्यांत सहज जमणारा आकार आहे, आणि म्हणूनच आपण त्याच्यापासून दूर राहिले पाहिजे. बाईने कबुली दिली की प्रेक्षक आपोआप क्षमा करणाऱ्याच्या उच्चासनावर बसतो. आणि दुसऱ्या खेपेसारखे तिला निर्दोष सोडले, तरी उच्चासन कायमच.

ह्यातून वाट निघाली ती एका साध्या प्रश्नाने : बाई हे सगळे कुणाला सांगते आहे? स्वगत आणि एकपात्री ह्यांत लोक गल्लत करतात. स्वगत म्हणजे स्वतःशी बोलणे. एकपात्रीत मात्र ऐकणारा असतो, तो दिसत नाही एवढेच. तो कोण हे लेखकाने ठरवले नाही तर प्रेक्षक आपणच तो आहोत असे धरून चालतो, आणि मग न्यायाधीश होतो. तिसऱ्या खेपेत मी ऐकणारी नेमली. मेलेल्या जावेची मुलगी, आता लग्नाला आलेली. उद्या तिला पाहायला पाहुणे येणार आहेत, आणि आज पहिल्यांदाच तिने चुलतीला विचारले आहे, माझी आई कशी गेली? (खरे तर धाकटीला मुलगी नव्हती, दोन मुलगेच. ही मुलगी मी नाटकासाठी जन्माला घातली, आणि तसे मावशीला सांगितले.) मुलगी रंगमंचावर नाही. ती प्रेक्षकांच्या जागी आहे. बाई आमच्याकडे बघून "पोरी" म्हणते तेव्हा आम्हाला निवाडा देता येत नाही, कारण आम्ही ज्याचे गेले त्याच्या जागी बसलेलो असतो. आणि बाईलाही खोटे बोलता येत नाही, की स्वतःला झोडपून रडताही येत नाही. पोरीला उद्या पाहुण्यांपुढे बसायचे आहे. तिला सांभाळत सांगायचे आहे.

ऐकणारी बदलल्याबरोबर बाकीचे पुष्कळ आपोआप सुधारले. आघात सोसलेले माणूस गोष्ट सलग सांगत नाही. ते एका जागेपर्यंत येते, थांबते, मागे जाते, चुलीवरच्या दुधाचे काहीतरी बोलते, पुन्हा तिथेच येते. मी आधी ओघवती गोष्ट लिहिली होती. आता बाई चार वेळा त्याच पायरीपाशी येते आणि तीन वेळा परत फिरते. चौथ्यांदा ती सांगते, तेही दोन वाक्यांत. आमच्या एका उत्साही मित्राने गर्दीच्या किंकाळ्यांची ध्वनिफीत आणि तांबडा दिवा आणला होता. तो आम्ही परत दिला. किंकाळी ऐकवली की प्रेक्षक घाबरतो, आणि घाबरलेला माणूस विचार करत नाही. नारळ मात्र ठेवला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत घोंगडीवर पडलेला असतो. बाई त्याला हात लावत नाही. पाहुण्यांसाठी कुणीतरी आणून ठेवलेला आहे आणि तो उद्या फोडावा लागणार आहे, एवढेच आम्हाला कळते.

दुसऱ्यांचे आवाज कसे आणायचे हा पेच होता. दुकानदार, बंदोबस्तावरचा पोलीस, वरून उतरणारा तरणा गडी, खुद्द धाकटी. 'वऱ्हाड'च्या पद्धतीने नकला केल्या की लोक हसतात, आणि हसू एकदा आले की परत जात नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नटी-नाटककार ॲना डेव्हिअर स्मिथ हिने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. १९९२ साली लॉस एंजलिसमध्ये, एका काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटल्यावर, दंगल उसळली. स्मिथने शेकडो लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचेच शब्द, त्यांच्याच अडखळण्यासकट, एकटीने रंगमंचावर म्हटले; जळालेल्या दुकानाचा मालक, पोलिसांचा वरिष्ठ, मार खाणाऱ्याची नातेवाईक. एका शरीरात सगळे आल्याने कुणा एकावर दोष बसत नाही, आणि कुणीही त्यातून सुटतही नाही. १९७२ साली आपण ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. रंगमंचाची ही रीतही घेण्यासारखी आहे.

पण आपल्याकडे ह्याचेही मूळ आहे, आणि ते काळुबाईच्याच वाटेवर सापडते. अंगात येणे. आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये महारवाड्यातल्या अंगात येणाऱ्या बाया दाखवल्या आहेत. एरवी सासूपुढे तोंड न उघडणारी बाई केस मोकळे सोडून दुसऱ्याच आवाजात बोलते, आणि तेवढा वेळ घर तिचे ऐकते. एक शरीर, अनेक आवाज. देवीवर माझा विश्वास नाही. त्या बाईला बोलायला दुसरी जागा नव्हती, ह्यावर आहे. तिसऱ्या खेपेत आमची बाई नकला करत नाही. ती बसल्या जागेवरून, मान न हलवता, दुकानदाराचे वाक्य म्हणते, मग पोलिसाचे, मग धाकटीचे. आवाज तिचाच राहतो. दया पवार यांनी 'बलुतं' (१९७८) लिहिताना दगडू आणि दया अशी एकाच माणसाची दोन माणसे समोरासमोर बसवली, ते मला ह्या वेळी फार उपयोगी पडले. एका माणसाला बोलते करायचे तर आधी त्याच्यातला दुसरा शोधावा लागतो.

आणि एक आवाज मी आणला जो आधीच्या दोन्ही खेपांत नव्हता. मास्तरचा. आदल्या दिवशी दारात आलेल्या बाईला प्रतिज्ञा ऐकवून परत पाठवणारा शिकलेला भाचा. बाई त्याच्यावर रागावत नाही. पोरीला सांगताना मध्येच म्हणते, त्याला बोलावलं होतं, त्याचं बरोबर होतं, तो आला नाही. बस. तालमीत ही ओळ आली की मी बाहेर जाऊन उभा राहत असे. प्रतिज्ञा मी आजही मानतो. तिने मला देवळात बोलावले नव्हते, बाहेर उभे राहायला सांगितले होते, आणि बाहेर उभे राहू नये असे कुठल्याही प्रतिज्ञेत नाही.

नटीविषयी दोन शब्द, कारण ह्याकडे आपण अगदीच दुर्लक्ष करतो. आमची मुलगी बावीस वर्षांची. पहिल्या खेपेत आम्ही तिला "खरं रड, आतून रड" असे सांगत होतो. तिसऱ्या प्रयोगानंतर तिला रात्री झोप येईना. दुसऱ्याचा आघात रोज अंगात घेणे हे ओझे आहे, आणि एकपात्रीत ते वाटून घ्यायला सहकारी नट नसतो. आता आम्ही आठवड्यात एकच प्रयोग करतो. प्रयोग संपला की ती घोंगडीची घडी घालते, नारळ पिशवीत टाकते, तोंड धुते, आणि आम्ही सगळे मिळून काहीतरी खातो. त्या वेळात नाटकाविषयी बोलायचे नाही असे ठरलेले आहे. तिला आता रडायला सांगत नाही. पोरीला सांगायचे आहे एवढेच ध्यानात ठेव, म्हणतो. ती रडत नाही. प्रेक्षकांत मात्र कुणी कुणी रडते, आणि टाळ्या लवकर सुरू होत नाहीत.

आयोगापुढे प्रतिज्ञापत्रे होतात, साक्षी होतात, कोण जबाबदार हे लिहिले जाते. ते काम नाटकाचे नाही आणि नाटकाने ते आपल्या अंगावर घेऊ नये. पण प्रतिज्ञापत्रात 'माझा हात' हे शब्द येत नाहीत. येतात ते 'मयत' आणि 'जखमी'.

मावशीला नाटक दाखवावे की नाही ह्याचा निर्णय मला घेता येईना. तिनेच विचारले, माझं कधी दावतोस? एका संध्याकाळी विहारात प्रयोग होता. ती आली, मागच्या भिंतीला टेकून बसली, पदर तोंडावर धरून. मी नाटक पाहिलेच नाही, तिच्याकडेच पाहत होतो. संपल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या. ती कुणाशी काही बोलली नाही. मी जवळ गेलो तेव्हा तिने मला खाली बसवले.

"पोरगी चांगली बोलली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने : "लुगडं चुकलं तुजं. धाकलीचं हिरवं न्हवतं. जांभळं व्हतं."

नाटकात दोन ठिकाणी हिरवे लुगडे होते. त्याच रात्री दोन्ही ठिकाणी जांभळे केले.